पिठातलं पाऊल

माझा भाऊ गेला तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तो पाच. छप्पन साल होतं. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी ऐन भरात होती. शाळेत गुरुजींनी भिंतीवरचा जुना नकाशा काढून गुंडाळून ठेवला होता, कारण आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. गाव जागचं हललं नाही आणि तरी दुसऱ्या राज्यात गेलं, हे मी तापाने फणफणलेल्या भावाला मोठ्या शहाणपणाने समजावून सांगत होते. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मंग आपली बंडी बी गेली काय वं?" त्याचं माझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं ते.

मुदतीचा ताप होता. मुकुटबनच्या पलीकडे आमचं गाव. बाबांनी त्याला बैलबंडीत घालून दोनदा पांढरकवड्याच्या डॉक्टरकडे नेलं. एकविसाव्या दिवशी ताप उतरतो असं जो येई तो सांगत असे. अठराव्या दिवशी सकाळी तो गेला.

आईने त्यानंतर तोंडात घास घातला नाही. माजघरात जिथे त्याचं अंथरूण होतं तिथेच ती भिंतीला टेकून बसली. कुणी पाणी दिलं तर दोन घोट घ्यायची, भाकर पुढे केली की मान फिरवायची. बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहत आणि परत जात. बाबांना बोलून कुणाला काही पटवता येत नसे. घरात बोलणारी एकच, ती आत्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली ती कायमची. कोठीची किल्ली तिच्या कमरेला असायची. ती देवभोळी अजिबात नव्हती. उपासाच्या दिवशी सगळ्यांना साबुदाणा करून घालायची आणि स्वतः चुलीपाशी बसून कालची भाकर चुरून खायची. "पोटात गेलं का सारखंच," म्हणायची. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं ते भाबडेपणातून झालं असं कुणाला वाटू नये.

आमच्याकडे तेव्हा एक रीत होती. माणूस ज्या जागी गेलं त्या जागी तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ज्वारीचं पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि वर डालं पालथं घालायचं. सकाळी डालं उचलून पिठात काय उमटलं ते पाहायचं. पाखराची नखं दिसली तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं. खूर दिसला तर गुराच्या. मुंग्या-झुरळं जे काही फिरून जात असतील त्याच्या खुणांवरून जाणती माणसं निवाडा करत, आणि घरचे तो ऐकत. पण हे मोठ्या माणसांचं. पाच वर्षांच्या लेकराचं पीठ कुणी पाहत नसे. गावातल्या भजनी बुवांनी तसं सांगितलंही. आत्या म्हणाली, "माया भावाचं लेकरू हाय. मी पाहीन. तुमी सकाळी येजा." बुवा वयाने मोठे होते, पण आत्यापुढे गावात कुणी मोठं नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे, अंगणात सडा टाकायच्या वेळी, आत्याने मला हलवून उठवलं. आई भिंतीला टेकल्या टेकल्या पेंगत होती. आत्याने डालं अलगद बाजूला केलं. पिठावर काहीच नव्हतं. कुठे एक मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. "तुही मूठ पाह्यजे," ती माझ्या कानाशी म्हणाली, "माही लय मोठी होते."

मला लगेच कळलं. महालक्ष्म्या बसतात तेव्हा दारापासून आतपर्यंत पावलं काढायचं काम आमच्या घरी माझंच असे. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू टेकवायची की तळवा उमटतो, आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके दिले की पाऊल पुरं होतं. मी पिठात मूठ टेकवली आणि बोटं उमटवली. पाच वर्षांच्या पोराचं पाऊल हुबेहूब. आत्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. माझ्या हाताला सवय महालक्ष्म्यांची, त्यामुळे मी पाऊल दाराकडून आत येणारं काढलं होतं. जाणारा माणूस बाहेर जातो, एवढं डोकं मला कुठलं असायला? पुसून नवं काढायला वेळ नव्हता, आई चाळवली होती. आत्याने डालं झाकलं आणि माझे हात आपल्या लुगड्याला पुसले. "मरेस्तोवर कोनाले सांगायचं नाई," म्हणाली. मी मान हलवली.

सकाळी बुवा आले, शेजारची चार माणसं आली. डालं उचललं. बुवा गुडघ्यावर बसून किती तरी वेळ पाहत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, त्यांना खरंच भरून आलं होतं. "मानसाचाच जलम हाय," ते आईला म्हणाले, "आन पाऊल आत वळेल हाय, बाई. कुठं जात नाई तो. याच घरात येते."

आत्याला फक्त माणसाचा जन्म हवा होता. याच घरात ही भर माझ्या मुठीने घातली.

आई उठली. तिने हात-तोंड धुतलं. आत्याने कालवलेलं ताट पुढे ठेवलं, आणि आई जेवली. दीड भाकर खाल्ली. मी समोर बसून मोजत होते. त्या दीड भाकरीवर मी पुढे किती तरी वर्षं खूश होते. आपल्या मुठीने आईला वाचवलं असं मला वाटायचं आणि ते खरंही होतं, हीच तर पंचाईत आहे.

ज्यांना या गोष्टींचा नुसता राग येतो, त्यांनी ती दीड भाकर पाहिलेली नसते. आणि ज्यांना श्रद्धा ही मोठी आधाराची गोष्ट वाटते, त्यांनी पुढची वर्षं पाहिलेली नसतात. मी दोन्ही पाहिलं, म्हणून माझं कुणाशीच पटत नाही.

पुढची वर्षं आई हसतमुख होती. माझ्या अंगावर काटा येईल इतकी हसतमुख. भावाविषयी कुणी हळहळलं की ती त्याला थांबवायची. "गेला नाई तो. येऊन राह्यला," म्हणायची. त्याचं झबलं, टोपडं आणि चांदीचे वाळे तिने पेटीत कापूर घालून ठेवले. दर महिन्याला वाट पाहायची. दर महिन्याला चार दिवस बाहेर बसायची वेळ येई तेव्हा तेवढ्यापुरती तिची जीभ गप्प होई. भावाच्या वेळी सुईणीने आत्याला सांगितलं होतं की आता हिला पुन्हा मूल होणं नाही. आत्याला हे पाऊल काढायच्या आधी चार-पाच वर्षं ठाऊक होतं. मला ते फार उशिरा कळलं.

भावासाठी मला रडायची सोय त्या घरात उरली नव्हती. तो येणार होता ना. येणाऱ्या माणसासाठी कोण रडतं? एकदा वेचणीला गेले असताना त्याची आठवण येऊन मी पऱ्हाटीत बसून मुसमुसत होते, तर आईने येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. "त्याची वाट आडवू नोको," म्हणाली. मग मी भावाला मनातल्या मनात ठेवायला शिकले, आणि मनातल्या मनात ठेवलेला माणूस हळूहळू पुसट होतो. त्याचा आवाज मला चौदाव्या वर्षीच आठवेनासा झाला होता.

चौदाव्या वर्षी मी सातवी पास झाले. मुलींमध्ये मी एकटीच. गुरुजी स्वतः चालत घरी आले, ओसरीवर बसले आणि बाबांना म्हणाले की पोरीला यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवा, दोन वर्षांत नोकरी लागेल. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. बाबा "पाहू" म्हणाले. बाबांचं पाहू म्हणजे जवळजवळ हो. मी त्या दिवसापासून पाटीवर मोठ्या अक्षरात मुळाक्षरं काढायला लागले, वर्गातल्या शेवटच्या पोराला दिसतील अशी. आता हसू येतं. तेव्हा माझं सगळं आयुष्य त्या अक्षरांत होतं.

आठ दिवसांनी आई बाबांना म्हणाली, "पोरीचं लगन करू."

तिने सगळा हिशेब मनात जुळवून ठेवला होता. आपल्याला आता होणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. पण पाऊल तर याच घरात आलं होतं, आणि बुवांनी कुणाच्या पोटी ते सांगितलं नव्हतं. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे तो माझ्या पोटी यायचा होता आणि याच घरात, त्याच माजघरात. मी ट्रेनिंगला गेले असते तर तो तेवढी वर्षं दाराबाहेर ताटकळला असता. आईने हे सगळं मला केस विंचरता विंचरता सांगितलं, इतक्या मायेने की तेव्हा मला आधी काही समजलंच नाही. तशी माया तिने मला त्याआधी बरीच वर्षं केली नव्हती.

समजलं तेव्हा मी तोंड उघडलं. चार वर्षं पाळलेला शब्द मोडला. आत्या सुपात तूर निवडत बसली होती, तिच्यादेखत मी म्हटलं, "माय, ते पाऊल मी काढलतं. माह्या मुठीनं. आत्यानं काढाले लावलं."

आई आत्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काय म्हनते हे पोट्टी?"

आत्याने सुपातून मानही वर केली नाही. एक खडा उचलून बाजूला टाकला. "शिकाले जायचं हाय तिले," ती म्हणाली. "त्याच्यासाठी मेल्या भावाच्या नावानं बी लबाड बोलते."

मी मूठ वळून दाखवली. जमिनीवर धुळीत पाऊल काढून दाखवलं. आईने ते पायाने पुसलं आणि आत गेली. लग्न होईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्यांना मी खरं बोलते हे कळलं होतं असं मला आजही वाटतं. पण बायको जेवते आहे, हिंडते-फिरते आहे, एवढ्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

आत्याला मी गोठ्यात गाठलं. तिने माझ्याशी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "तू तिले सांगितलं, ते खरं हाय," ती गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "मंग? मी हो म्हनलं असतं त तुही माय आज रात्री जेवली असती काय? तुले माय पाह्यजे का शाळा, सांग." असा प्रश्न चौदा वर्षांच्या पोरीला विचारू नये, एवढं मला तेव्हाही समजत होतं. मी तिच्यावर थुंकले. तिने पदराने पुसलं आणि धार काढायला बसली.

पंधराव्या वर्षी लग्न झालं. तेव्हा त्याचं कुणाला नवल नव्हतं. सासर पुसदकडचं, माणसं बरी होती, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. सतराव्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी आले. आईने माजघर सारवून ठेवलं होतं, बाज बरोबर त्या जागी टाकली होती. पेटीतले वाळे घासून लखलखीत केले होते. नवव्या महिन्यात तिने माझे पाय चेपले, मला दूध-तूप भरवलं. मी ते घेतलं. आपण आईची लाडकी झालो आहोत असं मी स्वतःला समजू दिलं, हे सांगायला आता लाज वाटते.

मुलगी झाली.

सुईणीने सांगितलं तेव्हा आई वाळे हातात घेऊन दारातच उभी होती. तिने आत येऊन एकदा पाहिलं. "हा नोहे," म्हणाली. मग वाकून माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "नाराज नोको होऊ. पुढच्या खेपेले येईन तो." आणि वाळे पेटीत ठेवून ती म्हशीला पाणी दाखवायला गेली.

पाच दिवस तिने माझ्या मुलीला उचललं नाही. तिला राग नव्हता, दुष्टावाही नव्हता. एखाद्या पाहुण्याबरोबर आलेल्या दुसऱ्या पाहुण्याकडे आपलं लक्ष नसतं, तसं तिचं मुलीकडे लक्षच नव्हतं. मूल रडलं तर ती मला सांगायची, "तुही पोरगी रडून राह्यली." मला दूध कमी होतं, अंगात कणकण होती. पोरगी दिवसेंदिवस सुकत चालली होती.

पाचवीच्या दिवशी आत्या मुलीला तेल लावत होती. अचानक तिने मुलीची टाच उजेडाकडे धरली. टाचेवर एक तांबूस डाग होता, जन्मतः पुष्कळ पोरांना असतो तसा. "इकडं ये," तिने आईला हाक मारली. "हे पाह्य. तो रांगत होता तवा निखाऱ्यावर टाच पडलती त्याची. तू वावरात गेलती. तू रागावशीन म्हून तुले सांगतलं नोतं." मग म्हणाली, "बाईच्या जलमाले आला म्हून काय झालं? आला त त्याच घरात."

भावाची टाच कधी भाजली नव्हती. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्याच्या अंगावरचा तीळन् तीळ मला ठाऊक होता. आईने डाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "तू घरी होती ना? झालतं असं?"

आत्या माझ्याकडे पाहत नव्हती. ती मुलीच्या छातीवर तेल चोळत होती. मला एका शब्दात सगळं उलथवता आलं असतं. या खेपेला आईने कदाचित माझं ऐकलंही असतं. मी मुलीच्या फासळ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, "झालतं."

आईने तिला उचललं. त्या दिवसापासून माझ्या मुलीला काही कमी पडलं नाही. आईने शेळीचं दूध आणून बोळ्याने पाजलं, मांडीवरून खाली ठेवलं नाही, वाळे घातले. पोरगी महिन्याभरात टुमटुमीत झाली. आत्याने माझ्याशी त्यावर एक अक्षर काढलं नाही आणि मीही नाही. ती पुढच्याच उन्हाळ्यात उष्माघाताने गेली. तिच्या जागी पीठ पसरायची आठवण कुणालाच झाली नाही.

तीन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी थोरलीला आजोळी ठेवलं. मला मुलगा झाला. आई पाहायला आली, बरं आहे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. तिला घाई होती, तिचा मुलगा घरी होता.

धाकट्याला घेऊन मी थोरलीला आणायला माहेरी गेले, तेव्हा ती पाचव्या वर्षात होती. आई तिला माझ्या भावाच्या नावाने हाक मारायची. ती ओ द्यायची. जेवताना आई तिला तापाची गोष्ट सांगायची, डॉक्टरकडे बंडीत कसं नेलं, कसा तू हातचा गेला आणि कसा परत आला. पोरगी ती गोष्ट रोज मागायची, जशी पोरं राजा-राणीची मागतात. मी आईला म्हटलं की हे असलं लेकराला सांगू नकोस. आई म्हणाली, "तिची गोष्ट हाय. तिले सांगू नोको त कोनाले सांगू?"

निघायच्या दिवशी दुपारी मी ओसरीवर तिची वेणी घालत होते. आतून आईच्या जात्याचा आवाज येत होता. मान न वळवता पोरीने विचारलं, "माय, मी मेली होती तवा तू रडली होती का वं?"

नाही म्हणावं तर ते खरं होतं, मला रडूच दिलं नव्हतं. हो म्हणावं तर तेही. आणि तू कधी मेली नव्हतीस, तो माझा भाऊ होता, तो गेला आणि कुठेच आला नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी रडूच फुटलं. बारा वर्षांचं रडू. ओसरीवर बसून मी हमसाहमशी रडले, तिच्या अर्ध्या घातलेल्या वेणीत तोंड खुपसून.

पोरगी वळली. तिने आपल्या फ्रॉकच्या टोकाने माझं तोंड पुसलं. "आता कायले रडतं?" ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आली ना मी."

आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, क्षणभर तोच परत आल्यासारखं. त्या बरं वाटण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.